तोरणाखालचं बटण

नसरीन आपांकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. संगणकाच्या पडद्यावर एका मिठाईच्या दुकानाचं वेब पान उघडं होतं. त्यातल्या जिलबीच्या फोटोवर त्यांनी पेन्सिलीची मागची बाजू टेकवली आणि विचारलं, "याच्या खाली कोन हाय?"

"जिलबी," मी म्हणाले.

"जिलबी वर हाय. ते रस्त्यावरच्या मानसालेबी दिसते. खाली कोन हाय ते सांग."

मी पडद्याच्या मागे वाकून पाहिलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. स्टूल पुढे सरकवून म्हणाल्या, "बस. समजन."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वर्गात प्रश्न विचारायला माझा हात कधी वर जात नसे. अमरावतीतल्या आमच्या कॉलेजमागच्या गल्लीत आपांची एका खोलीची जागा होती. आधी त्या तिथे लग्नपत्रिका जुळवायच्या, पुढे वेब पानं बनवू लागल्या. दुपारी तास संपले की मी तिथे शिकायला जाई.

काम ऐकायला सोपं होतं. चित्र, अक्षरं, बटण, सगळं पारदर्शक कागदांसारखं एकावर एक ठेवायचं. अशा एकेका कागदाला लेयर म्हणतात. कोणता लेयर वर, कोणता खाली आणि पानावर नेमका कुठे, हे माउसने सरकवून ठरवायचं. आपा लेयरला नुसता नंबर कधीच राहू देत नसत, नाव देत. पानाच्या मागच्या रंगाला त्या 'अम्मी' म्हणत. "सगळे तिच्याच अंगावर उभे, अन् तिलेच कोनी पाहत नाई," असं त्यांचं कारण. माझा हात घाईत चालला की त्या हळूच म्हणत, "ढकलू नको बेटा, सरकव. त्यालेबी जागा लागते."

दसऱ्याच्या आधी मी माझ्या मामाला त्यांच्याकडे घेऊन आले. सुभाषमामाचं गाव मूर्तिजापूरजवळ आहे आणि त्याने त्या वर्षी झेंडू लावला होता. दरवर्षी फुलबाजारातला व्यापारी शेतावर येऊन जो भाव सांगेल त्याला माल जायचा. मीच म्हणाले होते, "मामा, आपण पान बनवू. लोक फोनवरूनच फुलं मागवतील, तू घरोघरी पोचव." मामाने माझ्यावर विश्वास ठेवला आणि व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. घरात एवढी मोठी गोष्ट माझ्या शब्दावर ठरण्याची ती पहिली वेळ होती.

आजीने स्वतः बांधलेल्या तोरणाचा फोटो पाठवला होता. मधे झालर आणि दोन्ही बाजूंनी खालपर्यंत सोडलेल्या माळा. फोनवर तिने आपांना बजावलं, "बाई, तोरन सगळ्याच्या वर पायजे. दारावर कोनी तोरनाच्याबी वर काई टांगते का?"

"बराबर हाय अम्मा," आपा म्हणाल्या. त्यांनी फोटोमागची भिंत काढून टाकली, माळा पानाच्या दोन बाजूंना, कडेला थोडी जागा सोडून, आल्या आणि तोरणाचा लेयर सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. पान दारासारखं दिसू लागलं. उजवीकडे, माळेच्या बाहेर, हिरवं बटण होतं, 'झेंडू मागवा'. ते दाबलं की मामाच्या फोनवर निरोप जाणार होता. संगणकावर आम्ही ते दाबून पाहिलं. फोनवर पान पाहिलं, तेही छान दिसलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मामाने गाडी भरून फुलं आणली आणि कॉलेजच्या कोपऱ्यावर थांबला. पान रात्रीच सगळीकडे पाठवून झालं होतं. दहा वाजले, अकरा वाजले, पण मामाच्या फोनवर एकही निरोप नव्हता. मी टोपल्यांवरचं ओलं फडकं उचलून पाहिलं तर आतून गरम वाफ आली. झेंडू दाबून भरला की आतल्या आत तापतो आणि काळा पडतो. मामाने फडकं परत ओढून घेतलं. म्हणाला, "तुया मॅडमले इचार ना एकदा."

मी धावतच आपांकडे गेले. त्यांनी मामाचा नंबर तपासला, बटणाचा दुवा तपासला. सगळं बरोबर होतं. मग त्यांनी मला माझा फोन काढायला लावला. "तू गिऱ्हाईक हाय. मांग झेंडू."

मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. बटण समोर हिरवंगार दिसत होतं आणि माझं बोट जणू काचेवर वाजत होतं.

आपांनी सवयीने पेन्सिल बटणावर टेकवली. "याच्या खाली..." एवढं म्हणून त्या थांबल्या. त्यांनी पेन्सिल उचलून घेतली. "याच्या वर कोन हाय?"

त्यांनी प्रत्येक लेयरची चौकट दिसेल असं केलं. फोनच्या अरुंद पडद्यावर सगळं एकाखाली एक आलं होतं, आणि बटण सरकून दोन माळांच्या मधोमध. तिथे फूल नव्हतं, पाकळी नव्हती. पण तोरणाचा लेयर होता, रिकामा आणि पारदर्शक. सकाळपासून लोक बटण दाबत होते आणि प्रत्येकाचं बोट तोरणाला लागत होतं.

"फोनवर आपन पाह्यलं," आपा म्हणाल्या, "दाबलं नाई."

मी म्हणाले, "तोरण काढून टाकू, आपा."

"काहून? त्याची काय गलती? अम्मानं बांधलं हाय ते." त्यांनी बटणाचा लेयर उचलला आणि तोरणाच्या वर आणला. एवढ्या घाईतही बटण त्यांनी सरकवतच नेलं. मी दाबलं. या वेळी निरोप गेला.

त्यांनी लगेच मामाला फोन लावला. पलीकडून मामाचा आवाज मला ऐकू येत होता. "नेटवर्क नसन ना मॅडम? आज गर्दी हाय सगळीकडं."

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी आपांच्या तोंडाकडे पाहत होते.

"नाई सुभाषभाऊ. नेटवर्क ठीक होतं. चूक माझी हाय. बटन तोरनाखाली दबलं होतं. सकाळपासून जे आले ते परत गेले."

"मंग आता?" मामाने विचारलं.

"आता चालू झालं," आपा म्हणाल्या. "पन गेलेले सगळे परत येतीन असं मी म्हनत नाई. तुमी अर्धा माल आत्ताच बाजारात न्या. भाव कमी भेटन. पन वाट पाहत बसू नका."

मामाने अर्धी फुलं पडेल त्या भावात बाजारात दिली. उरलेल्यांसाठी दुपारनंतर निरोप येऊ लागले, आणि मी मामाशेजारी बसून पत्ते वाचत गल्लोगल्ली फिरले. तळातली काही टोपली काळी पडलीच. ती मामाने माझ्यासमोर उकिरड्यावर रिकामी केली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपट्याची पानं घेऊन आपांच्या दारात उभा राहिला. मला वाटलं, आता भांडण होणार. त्याने पानं त्यांच्या हातात दिली. "सोनं घ्या मॅडम. तुमी नेटवर्क म्हनल्या असत्या तं मी अख्खी गाडी धरून बसलो असतो."

आपांनी पानं टेबलाच्या काचेखाली ठेवली. "सुभाषभाऊ, मी जिंदगीभर खालीच पाहत राह्यली," एवढंच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्या अकोल्याला निघाल्या. तिथे त्यांच्या भावाने छपाईचं दुकान टाकलं होतं आणि वेब पानांचं काम त्या सांभाळणार होत्या. मी पिशवी घेऊन स्टँडवर गेले. निरोप घेताना मी पिशवीचा बंदच घट्ट करत राहिले.

बसच्या पुढच्या काचेवर दसऱ्याचं तोरण अजून होतं, सुकलेलं आणि मधे लोंबलेलं. आपा पायरीवर चढल्या आणि तिथेच थांबल्या.

"भाऊ, हे थोडं वर बांधा. रस्ता झाकते."

"मले दिसते ना आपा," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमी म्हनता दिसते. मी तिथं बसून पाहू का?"

ड्रायव्हर हसला. पण मग उठला आणि त्याने गाठ सोडली. तोरण वीतभर वर गेलं, तेव्हा कुठे आपा आत जाऊन बसल्या. खिडकीतून मला म्हणाल्या, "दाबून पाहत जाजो, बेटा."

बस निघून गेली. मी बनवलेलं प्रत्येक पान मी अजून माझ्या फोनवर उघडते, आणि नुसतं पाहून कधी हो म्हणत नाही.