एकाच कारखान्याचे दोन इन्चार्ज

माझा पहिला बायोडाटा ज्या मास्तरांनी टाईप केला, त्यांच्याविषयी मला आजही चांगलं बोलता येत नाही. रत्नागिरीत राम आळीच्या मागे, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर, त्यांची टायपिंगची संस्था होती. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय रसायनशास्त्र. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्याने लॅबसाठी माणसं हवीत म्हणून जाहिरात दिली होती, तेव्हा दोन फुलस्केप कागद भरून लिहिले आणि मास्तरांकडे नेले. त्यांनी ते वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि टायपिंग शिकायला बसलेल्या सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की हे नोकरीसाठी आहे की सोयरिकीसाठी.

मुली हसल्या. मी त्यात गाव, वडिलांची शेती, भावंडं, माझी उंची, चौथीतली स्कॉलरशिप, सगळं लिहिलं होतं. मास्तरांनी लाल पेन्सिलीने एकेक ओळ खोडली. तेवढं त्यांचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच जास्त लागलं.

शेवटी एक ओळ उरली. दोन मे महिने मी गावाला न जाता आंब्याच्या कॅनिंगमध्ये, म्हणजे रस डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात, काम केलं होतं. पहिल्या वर्षी डबे धुतले, दुसऱ्या वर्षी तिथल्या केमिस्टच्या हाताखाली रसातली साखर आणि आंबटपणा तपासला. मी तसंच लिहिलं होतं. मास्तर म्हणाले, डबे धुतले हे कोणी लिहितं का, आणि त्यांनी सरळ 'क्वालिटी कंट्रोल इन्चार्ज' असं टाईप केलं. मी इन्चार्ज नव्हतो, असं मी म्हटलं.

"तुम्हाला ओळखायला तिथं कोण येणार आहे?" मास्तर म्हणाले. "डबे?"

पुन्हा मुली हसल्या. मी कागद घेऊन खाली उतरलो.

मारुती मंदिराच्या मागे मी आणि एक मित्र एका खोलीत राहायचो. तो आंजर्ल्याचा, माझ्याच वर्गातला. तीन वर्षं आम्ही एका स्टोव्हवर भात शिजवला. त्याच्या निम्म्या जर्नल मी लिहून दिल्या होत्या. मी कॅनिंगमध्ये राबत होतो तेव्हा तो आंजर्ल्याला खाडीत पोहत होता, पण कॉलेज सुरू झाल्यावर रात्री जेवताना मी तिथलं सगळं सांगायचो आणि तो ऐकायचा. माझा टाईप केलेला कागद त्याने पाहिला, 'इन्चार्ज' वाचून तोंड वाकडं केलं आणि दोन दिवसांसाठी कागद मागितला. मी दिला नाही. स्वतःचं स्वतः लिही म्हणालो. एवढं काय सोनं लागलंय त्याला, असं काहीतरी पुटपुटला आणि त्या दिवशी माझ्या वाटचं पाणी भरायचं त्याने टाळलं.

मुलाखतीचं पत्र दोघांनाही आलं, एकाच टपालात. पहाटेच्या एस.टी.ने निघालो. संगमेश्वर, चिपळूण, मग परशुरामाचा घाट. तो माझ्या शेजारीच बसला. त्याच्या मांडीवर खाकी पाकीट होतं आणि ते तो दोन्ही हातांनी धरून बसला होता, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. लोट्याला उतरलो तर हवेतल्या वासाने डोळे चुरचुरले.

मुलाखत घेणारे साहेब घाटावरचे होते. आम्ही नमस्कार केला, तर आमचा हेल ऐकूनच त्यांच्या ओठाला मुरड पडली. दोघांना एकदम का बोलावलं हे कळेना. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि वाचा म्हणाले.

नाव आणि पत्ता सोडला तर दोन्ही कागद सारखे होते. 'लॅबोरेटरी'तला एक 'ओ' माझ्या कागदात गळला होता, तो त्याच्याही कागदात गळला होता.

"एका कारखान्यात, एकाच उन्हाळ्यात, दोन इन्चार्ज," साहेब म्हणाले. "तुमच्यापैकी खोटं कोण बोलतंय तेवढं सांगा. दुसऱ्याशी मी पुढे बोलतो."

मी लगेच म्हणालो, माझा खरा आहे.

"म्हणजे तुम्ही इन्चार्ज होता?"

मी खाली बघितलं. पंखा गरगरत होता, कागदाची टोकं उडत होती. बऱ्याच वेळाने मी म्हणालो की नाही, इन्चार्ज दुसरे होते, मी तपासणीचं काम करायचो. साहेबांनी मान डोलावली आणि त्याच्याकडे वळले. तो जराही अडखळला नाही. मीही ह्याच्याबरोबरच होतो सर, म्हणाला. मग रसाचा थेंब तपासणीच्या यंत्राच्या काचेवर कसा ठेवायचा, उजेडाकडे धरून साखरेचा आकडा कसा वाचायचा, थेंब गरम असला तर आकडा कसा चुकतो, हे त्याने सांगितलं. वाक्यं माझी होती. स्टोव्हपाशी बसून मी त्याला जशी सांगितली होती तशीच, त्याच क्रमाने.

ह्याने त्या कारखान्यात पाऊल ठेवलेलं नाही, असं मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

साहेबांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून दुमडले. "एकाने न केलेलं लिहिलंय, दुसऱ्याने न केलेलं पाठ केलंय. जा आता. भांडायचं ते गेटबाहेर."

गेटबाहेर मी त्याची कॉलर धरली. त्याने सांगितलं की मास्तरांकडे जाऊन 'ह्याच्यासारखा करून द्या' एवढंच तो म्हणाला होता, त्यांच्याकडे माझी कार्बन कॉपी होती.

"आणि आत बोललास ते? तेही मास्तरांनीच दिलं?"

"तू गप्प बसला असतास तर एकाला तरी मिळाली असती," तो म्हणाला.

मी त्याच्या थोबाडीत मारली. कंपनीच्या बसमधून उतरणारी शिफ्टची माणसं थांबून बघत राहिली. त्याने उलटून हात उचलला नाही, फक्त शर्ट नीट केला. परतीची गाडी एकच होती. तो मागच्या बाकावर बसला, मी ड्रायव्हरच्या मागे. रत्नागिरीजवळ हातखंबा येईपर्यंत माझा तळहात हुळहुळत होता.

दुसऱ्या दिवशी मी माडी चढून गेलो. माझा मजकूर त्याला का दिला असं विचारलं, तरी मास्तरांनी टाईप करणं थांबवलं नाही. इंग्रजी काय तुमच्या घरचं आहे का, म्हणाले. मजकूर बरा जमला होता, चौघांना दिला, असंही वर म्हणाले. कार्बन कॉपी मागितली तर फायलीकडे बोट केलं. मी ती काढली आणि त्यांच्यासमोर फाडली. जाताना दार लावून घ्या, वाऱ्याने कागद उडतात, एवढंच ते म्हणाले.

मी खोली सोडली आणि मांडवीला गावच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या पडवीत राहायला गेलो. तिथे नवा बायोडाटा हाताने लिहिला, एकच पान. डबे धुतले हे पहिल्यांदा लिहिलं. मग कोणत्या तपासण्या केल्या, कोणाच्या हाताखाली, आणि काय मला येत नाही तेही. कॅनिंगच्या केमिस्टकडे शिफारस मागायला गेलो. ते मुळात कावलेले गृहस्थ, कोणाला बरं म्हणत नसत. 'वेळेवर येतो, आकडे खरे लिहितो' एवढी एक ओळ त्यांनी खरडून दिली आणि पुढच्या वेळी हंगामात त्रास द्यायला येऊ नको म्हणाले.

मिरकरवाड्याजवळ मासळी गोठवण्याचा एक कारखाना होता. तिथल्या मॅनेजरनी माझं पान वाचलं आणि डब्यांवरच बोट ठेवलं. कशाने धुवायचात, पाणी किती गरम, धुतल्यावर डबा उपडा ठेवायचात की उताणा. अर्धा तास ते मला डब्यांबद्दलच विचारत होते, तेही अशा सुरात, की जणू मी काहीतरी चोरून नेलं होतं. सोमवारपासून या म्हणाले. पहिले सहा महिने त्यांनी माझा एकही आकडा स्वतः पुन्हा तपासल्याशिवाय वहीत जाऊ दिला नाही.

माझा खोलीतला जोडीदार मुंबईला गेला, तिथे त्याला नोकरी लागली. काही वर्षांनी लग्नाची पत्रिका आली, पत्ता त्याच्याच अक्षरात. मी गेलो नाही, उत्तरही पाठवलं नाही. त्याला मारलं याचं मला वाईट वाटतं, असं इथे लिहायला हवं. तसं वाटत नाही. लोट्याच्या साहेबांनी विचारलं तेव्हा 'इन्चार्ज नव्हतो' म्हणायला मला इतका वेळ लागला, ते मात्र अजून खटकतं.