शकीलभाई पिंजारी यांच्या घराचे पान

शकीलभाई पिंजारी यांची माझी ओळख माझ्या लग्नाच्या गादीमुळे झाली. मी सासरी आले त्या वर्षी ते आपल्या वडिलांबरोबर आमच्या अंगणात कापूस पिंजावयास आले होते. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या पिंजणाचा आवाज आमच्या अंगणात होत असे. पिंजण म्हणजे कापूस मोकळा करण्याचे मोठे धनुष्य.

आमच्याकडे एक रीत होती. मुलीची गादी भरताना तिच्या आईच्या जुन्या गादीतला मूठभर कापूस नव्या कापसात मिसळत. गावोगावचा कापूस निराळा, त्यामुळे कोणती सून कोठून आली, हे गादी उसवताच पिंजाऱ्याला कळत असे. शकीलभाईंना अक्षर येत नव्हते, परंतु गावातील प्रत्येक घराच्या चार पिढ्या त्यांना तोंडपाठ होत्या.

पुढे बीटी कपाशी आली. घरासाठी चार शेर कापूस मागे ठेवण्याची पद्धत बंद पडली. वेचलेला सर्व कापूस गाडीत भरून नांदुऱ्याच्या बाजारात जाऊ लागला. ज्या वर्षी बोंडे भरली नाहीत, त्या वर्षी नवी गादी कोण भरणार? शकीलभाईंना काम राहिले नाही. त्यांचा मुलगा फहीम अकोल्यास फोमच्या गाद्यांच्या दुकानात लागला होता. त्याने वडिलांना तिकडे बोलावले. ईदनंतर जाण्याचे ठरले.

त्याच वर्षी मी, साठी उलटल्यावर, प्रौढ वर्गात अक्षरे शिकले. वर्गाच्या प्रतीक्षाबाईंनी आम्हांला गावातील घराण्यांची माहिती लिहावयास सांगितली. वही ग्रामपंचायतीत कायमची राहणार होती. पुढे कोण या गावचे आणि कोण बाहेरचे, हे त्या वहीवरून ठरेल, असे लोक बोलत. मी शकीलभाईंना ओट्यावर बसवून एकेक घर विचारत गेले.

एकदा आमचे शेजारी जानरावही ओट्यावर येऊन बसले. ते नेहमी सांगत की त्यांचे घराणे गावातील पहिले.

शकीलभाई म्हणाले, "जानरावभाऊ, तुमच्या आजीच्या गादीत सारा इथलाच कापूस होता. आजोबा दुसरबीडहून घरजावई आले."

"काऊन बे, तू पिंजारी हायेस का भाट?"

"भाटाले दान लागते, मले चहा पुरते."

जानराव हसले, आणि मी तसेच लिहिले.

चाळीस घरे पूर्ण झाली. वही देण्याच्या आदल्या दिवशी मी ती त्यांना वाचून दाखवली. मला अक्षराला अक्षर जुळवून वाचावे लागते, म्हणून सारी दुपार गेली. ते एकदाही उठले नाहीत.

"झालं, सिंधूताई?"

"झालं."

"अजून एखांदं घर?"

मी पाने मोजून पाहिली व नाही म्हणाले. वर्गातील आम्ही सर्वांनी शेतांवरून घरे मोजली होती. ज्यांचे शेत, त्यांचे घराणे. पिंजाऱ्यांना शेत नव्हते. ज्यांनी चाळीस घरे सांगितली त्यांचेच घर राहिले, ही चूक मला तेव्हाही दिसली नाही. ती त्यांनाच सांगावी लागली.

हे पान मी नंतर सुईदोऱ्याने वहीस जोडले आहे. त्यांनी जे मागितले, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"ताई, आमचं बी घर लिवजा. पहिलं नाव माह्या मायचं टाकजा, मुबीनाबी. तिची कबर इथंच हाये."