गायीतला सिग्मा

“अहो मॅडम, चूक काय आहे ते तर सांगा!” ट्रंक कॉलवर विद्यापीठातले परीक्षा नियंत्रक ओरडत होते.

“सर, फोनवर नाही सांगता येणार. उद्या येते.”

फोन प्राचार्यांच्या टेबलावर होता. समोर प्राचार्य, दाराशी हेडक्लार्क. बी.एस्सी.चा पेपर मी काढलाय हे कुणालाही कळता कामा नये, असा नियम.

“घरचं काही?” प्राचार्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

सोलापूरच्या त्या कॉलेजात मी प्रोबेशनवर होते. पेपर परवावर आलेला. आणि त्याच सकाळी परदेशातून बोटीने येणारं जर्नल हातात पडलं होतं.

आरएनए पॉलिमरेज म्हणजे जनुकाची नक्कल उतरवणारं एन्झाइम. नक्कल कुठून सुरू करायची, हे जंतूंमध्ये त्याला सिग्मा नावाचं प्रथिन दाखवतं. मी धरून चालले की सगळीकडे असंच असणार. चौथा प्रश्न काढला: गायीच्या पेशीत सिग्माचं कार्य सांगा. जर्नलमध्ये लिहिलं होतं, प्राण्यांत पॉलिमरेज एक नाही, तीन. आणि सिग्मा? कुणालाच सापडलेला नाही.

पहाटेची एसटी पकडून विद्यापीठ गाठलं. नियंत्रकांनी जर्नल वाचलं, चष्मा काढला.

“छापून, सील होऊन गेले पेपर. आता पेपर उघडल्यावर इथून प्रत्येक सेंटरला फोन करायचा. ‘गाय’ खोडून ‘जंतू’. आणि तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही.”

परीक्षेला मी सुपरवायझर. अकराला पेपर वाटले. सव्वाअकरा झाले, फोन नाही. साडेअकरा. माग चालवणाऱ्या घरातली पद्मा, माझी विद्यार्थिनी, तिनं हात वर केला.

“मॅडम, सिग्मा जंतूचा हाय की. तुमी शिकवलं ते सगळं जंतूचंच. गायीत कुटनं आला?”

मला कळत होतं, ती बरोबर आहे.

“दुसरे प्रश्न आधी लिही,” एवढंच म्हणाले. ती माझ्याकडे बघतच राहिली.

पावणेबाराला हेडक्लार्क धावत आला, दुरुस्ती वाचून दाखवली. पद्मानं मान खाली घालून लिहायला सुरुवात केली.

नोकरी टिकली. पेपर काढायचं काम मात्र पुढे बरीच वर्षं मिळालं नाही. नंतर मिळालं तेव्हा प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलीनं लिहायची सवय लागली: हे कोणत्या जीवात तपासलंय? उत्तर नसेल तर प्रश्न खोडायचा.