मुरूम लागेपर्यंत

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी चहा घेऊन खोलीत गेले. माझे सासरे, आबा, उठले नाहीत. डॉक्टर आले आणि गेले. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.

त्याला आता सात आठवडे झाले. शेंद्र्याची जमीन कारखान्यांसाठी गेल्यावर आबा शहरात आमच्याकडे राहायला आले, ते कुदळ, फावडं, कोयते, पेरणीची पाभर असं सगळं घेऊनच. ते सामान व्हरांड्यात पडलेलं मला आवडत नसे. मी तसं बोलले नाही, पण त्यांना कळलं असावं... मागच्या बागेत पेरूशेजारी अवजारांना खोली बांधू, असं त्यांनीच काढलं आणि पाया स्वतः खणायला घेतला. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खणायचं, हा त्यांचा हट्ट. "काळी माती पावसात फुगती, उन्हात फाटती. तिच्यावर काय बी टिकत नाय, मास्तरीणबाई." मी शिक्षिका म्हणून हे नाव. पण आमचा प्लॉट भराव टाकलेला. विटांचे तुकडे निघाले, काचा निघाल्या, कुणाची तरी चप्पल निघाली. तीन फुटांवर कुठे काळी माती लागली. शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारलं, "आबा, विहीर खांदताय का?" "व्हय. पाणी लागलं की पहिला तांब्या तुमाला." सगळे हसले. मला मात्र त्या ढिगाऱ्याची लाज वाटत होती.

मे महिन्यात ते लग्नाला चार दिवस सिल्लोडला गेले, तेव्हा मी गवंडी बोलावला. "त्यांना येऊ दे की," यजमान म्हणाले. या वयात त्यांचे कष्ट वाचतील, असं मी सांगितलं. साडेतीन फुटांवरच काँक्रीट ओतून वर चौथरा करून घेतला. आबा परतले आणि चौथऱ्याभोवती सावकाश फिरले.

"मुरूम लागला व्हता का?"

"लागला," मी म्हणाले.

ते उकरलेल्या मातीच्या ढिगाजवळ उकिडवे बसले. एक ढेकूळ उचलून त्यांनी मुठीत फोडलं. सगळी काळी माती, मुरमाचा एक खडा नाही. आता बोलतील, असं मला वाटलं. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पत्रे कधी आणायचे, असं यजमानांनी दोनदा विचारलं, तर "बघू" म्हणाले. दिवाळीनंतर एकेक अवजार गावाकडच्या ओळखीच्यांना देऊन टाकलं. पाभर न्यायला आलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, "ने बाबा. इथं तिला जागा नाय." मी स्वयंपाकघरात होते, ऐकत होते. तेव्हा बाहेर जाऊन खरं सांगता आलं असतं... त्याआधीही कितीतरी दिवस सांगता आलं असतं. त्यांना ते ठाऊकच होतं, आणि मी सांगेन म्हणून ते थांबले होते की नाही, हे मला आता कधी कळणार नाही.

चौथरा आहे, दहा फूट बाय आठ फूट. पावसाळ्यात त्याला मधोमध चीर गेली. वर काही बांधलेलं नाही.