पोर्टला वीज कोण देत होतं

कॅनडातल्या कनाटा गावच्या त्या छोट्या कंपनीत मी लागले तेव्हा पुण्याहून येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. आम्ही बर्फ हटवणाऱ्या ट्रकसाठी एक डबा बनवत होतो. रस्त्यावर मीठ कुठे आणि किती पडलं, ते तो नोंदवायचा आणि यूएसबीला जोडलेल्या मोडेममधून ऑफिसला कळवायचा. आत लिनक्सवर चालणारा एक बोर्ड. त्यावरचा यूएसबी होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला यूएसबी वापरता यावी यासाठीचा प्रोग्रॅम, चालवून देणं हे माझं काम.

तीन आठवडे खपून मी तो चालवला. मोडेम खोचला की स्क्रीनवर लगेच त्याचं नाव उमटायचं. मीटिंगमध्ये मी जोरात सांगितलं, ‘‘यूएसबी डन.’’

जानेवारीत डबे ट्रकमध्ये बसले आणि एकाही डब्याला मोडेम दिसेना. बाहेर उणे सव्वीस. मी म्हटलं, थंडीमुळे होत असणार. सगळ्यांना पटलं. मी माझा बोर्ड लंचरूमच्या फ्रीझरमध्ये, कुणाच्यातरी फ्रोझन पराठ्यांशेजारी ठेवला आणि दोन तासांनी काढून लावला. मोडेम दिसला! तरी मी थंडीलाच धरून बसले. म्हटलं, फ्रीझर पुरेसा गार नसेल.

आमच्याकडे हार्डवेअर बघायला एक ताई होत्या. मूळच्या नागपूरच्या, साठीला टेकलेल्या, तीस वर्षं कॅनडात. बोर्डाचं सर्किट त्यांनीच काढलेलं. त्या माझ्या टेबलाशी आल्या.

‘‘थंडी काहून म्हणते तू? मोजलं का काही?’’

‘‘नाही, पण दुसरं काय असणार?’’

‘‘मग बोर्ड बंद कर आणि पहिल्यापासून सुरू कर. मी नुसती पाहते.’’

मी सुरू केला. ओळी भराभर सरकू लागल्या. सुरुवातीलाच त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. ‘‘हे काय करून राहिला हा?’’

‘‘पेनड्राइव्ह शोधतोय.’’ लिनक्स उठण्याआधी बोर्डाला जागं करणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, बूटलोडर, त्यात मी स्वतःच्या सोयीसाठी ते टाकून ठेवलं होतं.

‘‘ट्रकमधल्या डब्यात आहे हे?’’

‘‘नाही. लवकर सुरू व्हावा म्हणून काढलं.’’

हे बोलता बोलताच मला कळलं, माझ्या बोर्डात आणि ट्रकमधल्या डब्यांत फरक होता तो एवढाच. ताईंनी मल्टिमीटर आणून मोडेम खोचायच्या पोर्टवर टेकवला. पाच व्होल्ट. मी पेनड्राइव्हचा शोध बंद करून बोर्ड पुन्हा सुरू केला. शून्य.

म्हणजे पोर्टला वीज माझा ड्रायव्हर कधी देतच नव्हता. पेनड्राइव्ह शोधायला बूटलोडर ती चालू करायचा, ती तशीच राहायची आणि माझ्या ड्रायव्हरला आयतं मिळायचं. पोर्टच्या विजेचं बटण कुठल्या पिनवर आहे, हे लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये मी लिहिलंच नव्हतं. दुरुस्ती निघाली सात ओळींची.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगची मला धास्ती होती. चूक माझी असल्याचं मी सांगायला लागले, तोच ताई म्हणाल्या, ‘‘ती पिन मी शेवटच्या आठवड्यात ठरवली आणि सर्किटच्या कागदावर एका कोपऱ्यात लिहिली. तिला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.’’ हे त्या अगदी सहज, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं बोलल्या. मॅनेजरने मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘‘ताई, कागद माझ्याकडे होता. मीच नीट वाचला नाही.’’

‘‘माहीत आहे मला. पण कोपऱ्यात मीच लिहिलं ना? दोन्ही खरं आहे.’’

त्यानंतर मी बऱ्याच हुशार लोकांबरोबर काम केलं. पण उत्तर हाताशी असूनही समोरच्याला ते स्वतःच्या तोंडाने सापडू देणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

दुरुस्त केलेले डबे बसवायला आम्ही दोघी ट्रकच्या यार्डात गेलो. ट्रकच्या ड्रायव्हरने किल्ली फिरवली, मिनिटभरात मोडेमचा हिरवा दिवा लागला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. ताईंचं मात्र दिव्याकडे लक्षच नव्हतं. त्या ड्रायव्हरला विचारत होत्या, ‘‘कॅन आय सिट इन्साइड?’’ आणि त्याने हात देताच, जाडजूड पार्का कोट सावरत, त्या उंच पायऱ्या चढून केबिनमध्ये जाऊन बसल्या. बर्फ ढकलणारा पुढचा नांगर वरखाली कसा होतो ते त्यांनी दोनदा करून बघितलं.