सुजाताचं डेमो लेक्चर

पाळी माझी होती. गेली सुजाता.

आज सकाळी दवाखान्यातून फोन आला.

तुमच्यातल्या कित्येकांची ती इंजिनिअरिंगची मॅडम, कॉम्प्युटर आर्किटेक्चर शिकवणारी. माझी मात्र डोंगरकडा गावची मानलेली धाकटी बहीण.

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. हिंगोलीत माझं टायपिंगचं दुकान. त्यात नव्वद सालानंतर कॉम्प्युटर आणले आणि खोलून-खोलून शिकलो. पण प्रोसेसरच्या पोटात काय चालतं, ते मला हिनं समजावलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. ती एका कॉलेजात तासाच्या मानधनावर शिकवायची. तिथंच कायमची जागा निघाली. मुलाखतीत वर्गापुढं डेमो लेक्चर द्यायचं होतं. इंग्रजीत. विषय प्रोसेसरमधली पाइपलाइन.

आठवडाभर माझ्या दुकानात तालीम. विद्यार्थी मी एकटाच.

"भाऊ, डुलक्या नका घेऊ."

"इंग्रजीत सांग. मराठी बोललीस तर चहा बंद."

इंग्रजी अगदी चोख बसवलं पोरीनं.

आणि जागा गेली दुसऱ्याला.

तेव्हा कुठं तिनं मला सगळं सांगितलं. लेक्चर झकास चाललं होतं. पुढं तज्ज्ञ मंडळी, मागं पोरं. तेवढ्यात सेनगावकडची एक पोरगी हात वर करून उठली.

"मॅडम, पाइपलाइन केली म्हणजे एक इन्स्ट्रक्शन लवकर संपते का?"

सुजातानं इंग्रजीत उत्तर दिलं. पोरगी "यस मॅडम" म्हणाली आणि खाली मान घालून बसली. तिला काही कळलं नाही, हे सुजाताला दिसलं.

मग बाईनं खडू खाली ठेवला.

"तुमच्याकडं हळद हाय का गं?"

"हाय मॅडम."

"एका ढिगाला शिजायला, वाळायला, पॉलिशला जेवढे दिवस लागतात तेवढे लागणारच. पण पहिला ढीग वाळून राहिला, तवा कढई रिकामी ठेवता का?"

"न्हाई. दुसरा ढीग टाकतो."

"मंग? एक ढीग काही लवकर होत न्हाई. पण हंगामात माल जास्त निघतो. प्रोसेसरचं बी तसंच."

सगळा वर्ग हसला म्हणे. तज्ज्ञ हसले नाहीत.

हे ऐकून मी तापलो. "अगं, एवढा चहा कशाला पाजला मी? एक तास इंग्रजी रेटता आलं नसतं? काहून बोललीस मराठीत?"

तिनं शांतपणे बशीत चहा ओतला.

"भाऊ, जाहिरात पुन्हा निघंल. त्या पोरीनं पुन्हा हात वर केला नसता."

मी अजून दोन चहा सांगितले.

जाहिरात पुन्हा निघायला तीन वर्षं लागली. तोवर एसटीचे धक्के खात तासावरच शिकवत राहिली. कुरकूर अशी मी तिच्या तोंडून ऐकली नाही.

कायम झाली तेव्हा पेढे घेऊन दुकानात आली. म्हटलं, "या बारीला तरी इंग्रजीच बोललीस ना?"

नुसती हसली.

सकाळपासून तिनं शिकवलेली पोरं फोन करून राहिली. पुण्याहून, कुठून कुठून.

नीट जा, माय.
तुझ्या भाऊचा जय भीम.