जुना फेस, नवा फेस

सराव संपला की वासनिकदादा जमिनीवर साचलेला पांढरा फेस ओंजळीत घेऊन चेहऱ्याला चोळायचे. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात ते अग्निशमन दलात होते, मी सुरक्षा कार्यालयात. पेटलेल्या तेलावर नुसतं पाणी चालत नाही, फेस लागतो. त्याच फेसाच्या आधाराने दादांनी रंगखात्याच्या आगीतून दोन कामगारांना बाहेर काढलं होतं. "आपला रखवालदार आहे हा, भाऊ," ते म्हणायचे. चौदा एप्रिलला जयंती आणि अग्निशमन दिन एकदमच येतात. त्या दिवशी दादा कांचघरच्या आमच्या वस्तीतली पोरं सरावाच्या मैदानावर आणत. पोरं फेसात लोळत. दादांची मुलगी वैशाली सगळ्यांत पुढे.

पुढे काही वर्षांनी वरून आदेश आला की जुना फेस बंद. त्यातली रसायनं माती-पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात, शरीरातही साठतात. मी हे सांगितलं, तेव्हा दादांनी विचारलं,

"मग मी आग विझवून राहिलो होतो की जहर सांडून राहिलो होतो?"

"दोन्ही असेल, दादा."

"दोन्ही कसं असेल?"

नव्या फेसाची चाचणी झाली. जुना फेस तेलावर आपोआप पसरायचा, हा हळूच अंथरावा लागे. दादांनी सवयीने जोरात फवारा मारला आणि ज्वाळा फेस फाडून वर आल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी हात सैल सोडला, आग विझली.

"देखा वासनिक, ये सेफ है," साहेब म्हणाले.

"साहब, वो भी तो सेफ था."

त्याच सुमारास वैशालीला थायरॉइडचा त्रास निघाला. नेपियर टाउनच्या डॉक्टरांकडे मीही सोबत गेलो. फेसामुळे झालं का, दादांनी विचारलं.

"कह नहीं सकते. बहुतों को होता है," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर दादा स्कूटरपाशी थांबले. "हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मग मी कोणावर चिडू?"

"बाबा, चलो ना," वैशाली म्हणाली. "गोळी घेतली की बरी असते मी."

निवृत्तीनंतर दादा जबलपूरजवळच्या पाटनला भावाकडे राहायला निघाले. सामान चढवून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, खरं सांग. मी चांगलं काम केलं ना?"

"केलंत, दादा."

"लगेच काहून सांगतोस? विचार करून सांग."

गेल्या वर्षी दादा वारले. मी अजून विचारच करतो आहे.